चष्मेवालीची वजावट

आमच्या चौकातल्या चष्म्याच्या दुकानात काडी वाकवून घ्यायचे पैसे पडत नाहीत. मालक गल्ल्यावर बसतात आणि आतल्या बाजूला, काच घासायच्या यंत्राशेजारी, चष्मेवाली उभी असते. तिचं खरं नाव दुकानाच्या पगारपत्रकात असेल; बाकी सगळ्यांना ती चष्मेवालीच. ती चष्मा हातात घेते, आधी तुमच्या कानांकडे बघते, मग काडी गरम हवेच्या झोतात धरते आणि बोलत बोलत वाकवते. माणसाचे दोन कान एका उंचीवर नसतात, हे मला तिच्याकडूनच कळलं. कुणाचेच नसतात म्हणे. चष्मा सरळ दिसायला हवा असेल तर तो थोडा वाकडा बसवावा लागतो.

ही हकीकत तिनं मला अशीच, काउंटरवर, तुकड्यातुकड्यानं सांगितली. काही भाग शिवणबाईंनी सांगितला. दोघींच्या सांगण्यात जिथे फरक पडतो तिथे मी शिवणबाईंचं धरलंय, कारण नाहीतर त्या रागावतात.

शिवणबाई म्हणजे चष्मेवालीच्या नवऱ्याची आई. मुलींच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर शिवण शिकवलं, म्हणून शिवणबाई. नवऱ्यानं दुसऱ्या शहरात दुसरा संसार मांडला आणि रीतसर घटस्फोट झाला, तेव्हा राहतं घर त्याच्या नावावर असल्यामुळे विकलं गेलं. चष्मेवालीनं कर्ज काढून दुसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर घेतलं. आईला मुलगा घेऊन जाणार, हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. घर बदलायच्या दिवशी सामानाची गाडी दारात लागली, आणि शिवणबाई पायडलच्या टेबलावरून सोडवलेलं, चादरीत गुंडाळलेलं शिवणयंत्र छातीशी धरून खाली उतरल्या व थेट चालकाशेजारी जाऊन बसल्या. मुलगा म्हणाला, आई, ती गाडी हिची आहे. त्या म्हणाल्या, "माहीत आहे. माझे डोळे शाबूत आहेत."

पण नव्या घरात एक अडचण झाली. आधी शिवणबाई तिला सूनबाई म्हणत. आता तसं म्हणावं की नाही ते त्यांना कळेना, आणि नावानं हाक मारायची सवय नव्हती. म्हणून त्या नुसतं "अगं" म्हणू लागल्या. चष्मेवाली मात्र पूर्वीसारखी आईच म्हणत राहिली, पण लोकांशी बोलताना अडखळायची. सासू म्हटलं की पुढचा प्रश्न नवऱ्याबद्दलचा यायचा. म्हणून ती म्हणायची, "माझ्याकडे असतात त्या." जणू शिकवणीला येणाऱ्या मुलीबद्दल बोलावं तसं.

दुसरी अडचण पाकिटाची. पहिल्याच महिन्याला शिवणबाईंनी आपल्या तुटपुंज्या पेन्शनमधून काही रक्कम पाकिटात घालून तिच्यापुढे ठेवली. पाकिटावर ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, "भाडं". चष्मेवाली नको नको म्हणाली. शिवणबाईंनी सांगितलं, भाडं घेणार नसशील तर मी दुसरीकडे खोली बघते. तेव्हापासून दर महिन्याला पाकीट येतं. चष्मेवाली सरळ बाई. काचेवर केसाएवढी रेघ असली तरी ती गिऱ्हाइकाला दाखवते. तिनं दर वर्षी आयकराचं विवरणपत्र भरताना "घरभाड्याचं उत्पन्न" या रकान्यात ती रक्कम इमानेइतबारे लिहिली आणि तिच्यावर कर भरला. सासूच्या भाड्यावर कर भरणारी ही जगातली एकमेव सून असावी. आणि ते भाडं ती खर्च करत नव्हती. सगळं एका डब्यात तसंच पडून होतं.

गेल्या वर्षी शिवणबाई न्हाणीघरात पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, सांधा बदलला. मग घरी येऊन व्यायाम करून घेणारी मुलगी, चालायला वॉकर, न्हाणीघरात भिंतीला दांड्या, औषधं. चष्मेवालीची शिल्लक संपली. धाकट्या बहिणीकडून तिनं उसने घेतले. बहीण मनानं वाईट नाही, फक्त पैसे देताना जिभेनं व्याज वसूल करते. पैसे पाठवले आणि लगेच फोन केला. "मी देते गं, पण मला एक सांग, तुझी कोण लागते ती? त्याची आई. तो कुठेय?" चष्मेवालीनं थँक्यू म्हणून फोन ठेवला.

खरी पंचाईत पुढे झाली. बरं वाटायला लागल्यावर शिवणबाई विचारू लागल्या, एकूण किती झाले? चष्मेवाली म्हणाली, फार नाही, सूट मिळाली.

"हॉस्पिटलात सूट? एका खुब्यावर दुसरा फुकट होता का?"

त्यांनी कपाटात बिलं शोधली. मिळाली नाहीत, कारण ती घरात नव्हतीच. दुकानात काचा कागदी पाकिटांतून येतात, वर नंबर छापलेला असतो, आणि रिकामी पाकिटं खणात पडून असतात. त्या पाकिटांत चष्मेवालीनं बिलं घडी करून लपवली होती. हॉस्पिटलची बिलं अधिक नंबरच्या पाकिटांत, औषधांची उणे नंबरच्या. मालकांनी एकदा गिऱ्हाइकासाठी काच काढायला पाकीट उघडलं तर आतून भूल देणाऱ्या डॉक्टरांचं बिल निघालं.

शिवणबाईंना आकडा कळला नाही, पण अंदाज होताच. त्यांनी कुठूनसा वृद्धाश्रमाचा अर्ज मिळवला. मुलानंही फोनवर सांगितलं होतं की तिथला निम्मा खर्च मी देईन. अर्ज त्यांनी कोरा ठेवला आणि शिवणयंत्रावरच्या आच्छादनाखाली सरकवून दिला. काठीशिवाय जिना उतरता आला की मी जाणार, असं त्यांनी एका सकाळी चहा पिताना सांगितलं, आणि पुन्हा चहा मागितला. त्यानंतर त्या रोज जिन्याचा सराव करू लागल्या. चष्मेवाली खालच्या पायरीवर उभी राहायची. त्यांना पडू द्यायचं नव्हतं, आणि त्या छान उतरल्या की ही उरलेले दिवस मोजायला लागायची.

कर भरायचे दिवस आले तेव्हा मालकांनी विषय काढला. त्यांच्या बायकोच्या आजारपणाचा खर्च एका वर्षी करातून वजा झाला होता, त्यामुळे ते या बाबतीत स्वतःला जाणकार समजत. ते म्हणाले, दर वर्षी तू डोळे मिटून फॉर्म भरतेस, चष्म्याच्या दुकानाला हे शोभत नाही. वाचनालयात शनिवारी एक निवृत्त हिशेबनीस बसतात, लोकांना फुकट मदत करतात. जा.

हिशेबनीस बिस्किटांच्या कारखान्यात नोकरीला होते. तिथल्या यंत्रांनी त्यांचे कान अर्धे नेले होते, त्यामुळे ते स्वतः ऐकू येईल एवढ्या आवाजात बोलत, म्हणजे वाचनालयाच्या दारापर्यंत. त्यांना दिलेली जागा म्हणजे मुलांच्या पुस्तकांचा कोपरा. बुटकी टेबलं, बुटक्या रंगीत खुर्च्या. मोठी माणसं गुडघे छातीला लावून बसत आणि आपलं उत्पन्न सांगत.

त्यांनी चष्मेवालीचा मागच्या वर्षीचा कागद बघितला आणि समजावून सांगितलं. सरकार असं म्हणतं, की तुम्ही माणूस आहात, तुम्हाला दुखणीखुपणी असणार, घराचं कर्ज असणार. तेव्हा ठरावीक रक्कम उत्पन्नातून वजा करा, कर उरलेल्यावर भरा, आम्ही काही विचारणार नाही. ही सरसकट वजावट. आता ज्याचे असे खर्च त्या रकमेपेक्षा जास्त असतील, त्यानं एकेक खर्च कलमवार लिहावा, पुरावा जपून ठेवावा, आणि तेवढी रक्कम वजा करावी. ही तपशीलवार. दोन्हीतली एकच घेता येते.

"म्हणजे सरसकट हा स्टँडवरचा तयार चष्मा," चष्मेवाली म्हणाली, "आणि दुसरा नंबर काढून केलेला."

हिशेबनिसांना हे इतकं आवडलं की रांगेतल्या पुढच्या माणसाला त्यांनी तेच ऐकवलं, स्वतःचं म्हणून. पण नंबर काढलेला चष्मा दर वेळी फायद्याचाच असतो असं नाही, हेही ते म्हणाले. त्यांनी बेरीज केली. घरकर्जाचं व्याज आलं. अंधशाळेला तिच्या पगारातून दर महिन्याला देणगी जाते, ती आली. तिच्या दाताचा खर्च निघाला. सगळं मिळून सरसकट रकमेच्या बरंच अलीकडे राहिलं. सरसकटच घ्या, ते म्हणाले, आणि पेन खाली ठेवलं.

तेव्हा तिनं ऑपरेशनचं सांगितलं. वैद्यकीय खर्चात आपल्या उत्पन्नाचा एक हिस्सा आधी सोडून द्यावा लागतो, त्याच्या वर जे उरेल तेवढंच धरतात. पण रक्कम तशी मोठी होती. हिशेबनिसांनी पेन पुन्हा उचललं. "हे आलं तर चित्र पालटतं. ऑपरेशन कुणाचं?"

"माझ्याकडे असतात एक."

"कोण लागतात?"

बहिणीचा प्रश्न, आणि आता छापील रकान्यात. ती म्हणाली, "सासू होत्या."

"अरेरे. वारल्या?"

"नाही, ठणठणीत आहेत. घटस्फोट झाला माझा."

त्यांनी पेन पुन्हा खाली ठेवलं. मग म्हणाले, अवलंबून असलेल्या माणसाच्या आजारपणाचा खर्च धरता येतो, पण त्याचं नातं नियमात बसायला हवं. हे मला पुस्तकात बघावं लागेल. त्यांचा निम्म्याहून जास्त खर्च तुम्ही करत असायला हवा, आणि दुसऱ्या कुणी त्यांना आपल्या फॉर्मवर दाखवलेलं नको. पुढच्या शनिवारी बिलं आणा. त्यांनाही आणा, विचारायचं आहे.

चष्मेवाली घरी आली ती हे सगळं सोडून द्यायच्या विचारानं. हात दाखवून अवलक्षण कशाला? वजावट मिळाली तर बहिणीचे पैसे फिटतील, नाही मिळाली तर हप्त्यानं फिटतील. पण बिलं बाहेर काढली तर आकडा बाहेर येणार, आणि आकडा कळला की शिवणबाई जाणार. दुसऱ्या बाजूनं असंही वाटे, की पैसे नाहीत म्हणून मी जाते असं त्या म्हणतात, मग पैसे परत आले तर त्यांना थांबवायला हाताशी एक कारण राहील. दोन दिवस ती दुकानात काच घासताना हेच घासत राहिली. शेवटी तिनं शिवणबाईंना एवढंच सांगितलं, की वाचनालयात एका कागदासाठी तुम्ही यायला हवं.

त्या इतक्या पटकन हो म्हणाल्या की हिला शंका यायला हवी होती. मालकांकडून त्यांना तपशीलवार वजावटीचं कळलं होतं. जे कपाटात सापडलं नाही ते आता टेबलावर येणार होतं. त्यांनी ठेवणीतली साडी नेसली, काठी घेतली नाही, आणि पिशवीत वृद्धाश्रमाचा अर्ज ठेवला.

बुटक्या खुर्चीवर नवा खुबा बसेना. हिशेबनिसांनी आपली खुर्ची त्यांना दिली आणि स्वतः हिरव्या रंगाच्या चिमुकल्या खुर्चीवर बसले. त्यामुळे सगळी चौकशी शिवणबाई वरून आणि सरकारी बाजू खालून अशी झाली.

चष्मेवालीनं पिशवीतून काचांची पाकिटं काढली. तिनं घरून ठरवून आणलं होतं की बेरजेची चिठ्ठी हिशेबनिसांपुढे हळूच सरकवायची, वाचायची वेळच येऊ द्यायची नाही. पण ताकाला जाऊन भांडं लपवता येत नाही. हिशेबनीस म्हणाले, कलमवार म्हणजे कलमवार, आणि एकेक पाकीट उघडून वाचू लागले. सांध्याचे इतके. भूल देण्याचे इतके. खोलीचे इतके. व्यायामवाल्या मुलीचे इतके. वर्तमानपत्रं वाचणाऱ्या माणसांनी माना वर केल्या. ग्रंथपाल बाईंनी "शांतता राखा" या पाटीकडे बोट दाखवलं, पण त्याही ऐकत होत्याच. शिवणबाई हातावर हात ठेवून ताठ बसल्या होत्या. शाळेत निकाल वाचताना बसायच्या तशा.

बेरीज झाली. हिशेबनिसांनी ती दोनदा वाचली, एकदा कागदासाठी आणि एकदा खात्रीसाठी.

शिवणबाईंनी पिशवी उघडली, अर्ज काढला आणि टेबलावर ठेवला. "हेही बघून ठेवा," त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षी हिला हा खर्च नसेल."

चष्मेवालीनं मला सांगितलं, त्या क्षणी तिला वाटलं की उठून सगळी पाकिटं पुन्हा पिशवीत भरावीत आणि सरसकट वजावट घ्यावी. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पण हिशेबनिसांचं अर्जाकडे लक्षच नव्हतं. ते मागच्या वर्षीच्या कागदात एका रकान्याशी थांबले होते. "हे घरभाडं कुणाकडून येतं?"

"माझ्याकडून," शिवणबाई म्हणाल्या. "मी कुणाचं फुकट खात नाही."

"आणि यावर ह्या कर भरतात?"

शिवणबाईंना हे माहीत नव्हतं. त्यांनी चष्मेवालीकडे पाहिलं. ती टेबलावरच्या हत्तीच्या गोष्टीच्या पुस्तकाकडे बघत होती.

हिशेबनीस म्हणाले, मग घोटाळा आहे. त्यांनी फार सौम्यपणे म्हणायचा प्रयत्न केला, पण आवाज तेवढाच राहिला. "बाई, भाडं असेल तर तुम्ही भाडेकरू. आता भाडेकरूचं हाड मोडलं तर घरमालकीण फार तर फुलं घेऊन जाते. सांधा बदलून देत नाही. तेव्हा मला एक काहीतरी सांगा. हे भाडं आहे, की घरखर्चाला हातभार?"

शिवणबाईंनी पिशवी मांडीवर ओढून घेतली. त्या नंतर मला म्हणाल्या, इतकी वर्षं मी ते पाकीट मानानं देत होते, आणि मान तिच्या खिशातून जात होता. मला कुणी सांगितलं नाही.

"पेन्शनमधून यांचा निम्मा तरी खर्च निघतो का?" हिशेबनिसांनी विचारलं.

"औषधंसुद्धा निघत नाहीत," शिवणबाई स्वतःच म्हणाल्या. "हातभार लिहा."

मागच्या वर्षांचे कागदही दुरुस्त करता येतील का ते बघू, असं म्हणत हिशेबनिसांनी भाड्याच्या रकान्यात रेघ मारली आणि नात्याच्या रकान्याशी आले. त्यांनी नियमांचं जाड पुस्तक उघडलं. खूण घालून ठेवली होती. चष्मेवाली म्हणते, डॉक्टरनं डोळ्यांत थेंब घातल्यावर बसतात तसे तिनं डोळे मिटून घेतले. हिशेबनिसांनी वाचलं, की विवाहामुळे निर्माण झालेलं नातं घटस्फोटामुळे अथवा मृत्यूमुळे संपुष्टात येत नाही.

वर्तमानपत्रवाल्यांपैकी एकानं पान उलटायचं थांबवलं.

"पुन्हा वाचा," शिवणबाई म्हणाल्या.

त्यांनी पुन्हा वाचलं.

"मला द्या."

पुस्तक त्यांच्या मांडीवर आलं. पण त्यांना दिसेना, चष्मा धुरकटला होता. चष्मेवालीनं तो त्यांच्या नाकावरून काढला, आपल्या ओढणीनं पुसला आणि परत बसवला. बसवताना सवयीनं दोन्ही कानांमागे बोट फिरवून बघितलं. शिवणबाईंनी ओळीखाली बोट धरून, शाळेत मुलींना वाचायला लावत तसं, तोंडातल्या तोंडात वाचलं.

"हा नियम लिहिणाऱ्याला सासू असणार," त्या म्हणाल्या.

"चांगली असणार," चष्मेवाली म्हणाली.

एक अट राहिली होती, ती मुलाची. त्यानं आईला आपल्या फॉर्मवर दाखवलं असेल तर हिला दाखवता येणार नव्हतं. शिवणबाईंनी तिथेच फोन लावला. नाही, तो म्हणाला. त्याच्या सल्लागारानं विचारलं होतं, पण आई माझ्याकडे राहत नाही, खर्चही मी करत नाही, तर कसं लिहू, असं म्हणून त्यानं ते सोडून दिलं होतं. "खोटं लिहिलं नाहीस ना, बरं केलंस," शिवणबाई म्हणाल्या. "आणि ते आश्रमाचं राहू दे. निम्मे पैसे द्यायचेच असतील तर व्यायामवालीचे दे." फोन ठेवताना त्यांचा चेहरा दुखावलेला नव्हता. मुलाचं जे चांगलं उरलं होतं तेवढं त्यांना मिळालं होतं, आणि त्या ते घेऊन बसल्या होत्या.

"लिहा," त्यांनी हिशेबनिसांना सांगितलं. "सासू."

फॉर्म संपत आला. हिशेबनिसांनी विचारलं, आणखी काही वैद्यकीय? चष्मा वगैरे? चष्मेही धरतात. चष्मेवाली म्हणाली, यांचे चष्मे मीच करते, मालक काचेचे पैसे घेत नाहीत, त्यामुळे बिल नाही.

"पहिल्या चष्म्याचे दिले होते," शिवणबाई म्हणाल्या.

पहिला चष्मा म्हणजे दुकानात लागल्यावर चष्मेवालीनं स्वतः घासून बसवलेली पहिली जोडी. गिऱ्हाइकाचा चष्मा मालक तिच्या हाती देईनात, तेव्हा शिवणबाई स्वतः गिऱ्हाईक होऊन गेल्या होत्या. त्या चष्म्याच्या गोष्टीवरच तिची नोकरी पक्की झाली. मालक आजही सांगतात, पहिलीच जोडी आणि तक्रार नाही.

"त्यातून पायऱ्या तिरक्या दिसायच्या," शिवणबाई म्हणाल्या. "काच वळवून बसवायची असते ना, ती कमी वळली होती. पुढचा चष्मा होईपर्यंत मी भिंतीला धरून जिना उतरत होते."

चष्मेवाली त्यांच्याकडे वळली. मग म्हणाली, "मला का नाही सांगितलंत?"

"तू शिकत होतीस." शिवणबाईंनी पिशवीचा बंद आवळला. "मालक म्हणाले असते, ही नको. विचार ना यांना, त्या भिंतीला धरून चालण्याचं काही मिळतं का वजा?"

"पावती लागते," हिशेबनीस म्हणाले.

यावर ग्रंथपाल बाई सगळ्यात आधी हसल्या.

हे सगळं मला सांगताना चष्मेवालीच्या हातात माझा चष्मा होता. पायऱ्यांपाशी आली तेव्हा तिचा हात थांबला. गरम हवेचं यंत्र तसंच चालू राहिलं. थोड्या वेळानं तिनं नाक ओढलं, काडी पुन्हा झोतात धरली, आणि म्हणाली, "मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आले, माझं पहिलंच काम बिनचूक होतं."

त्या दिवशी वाचनालयातून निघताना जिन्याशी शिवणबाई थांबल्या. काठी आणलेली नव्हती. त्यांनी कठडा न धरता हात चष्मेवालीपुढे केला आणि म्हणाल्या, "धर गं, सूनबाई."

त्यांना काठीशिवाय उतरता येत होतं. चष्मेवालीला ते माहीत होतं. तिनं धरलं.

कराचे पैसे परत आले तेव्हा ती हिशेबनिसांना सांगायला गेली. ते म्हणाले, माझं काय त्यात, पुस्तकात होतं. तरी तिनं त्यांच्या चष्म्याच्या सैल काड्या तिथेच घट्ट करून दिल्या. इतकी वर्षं तो त्यांच्या नाकावरून घसरत होता आणि तो तसाच असतो अशी त्यांची समजूत होती. मालकांना तिनं थँक्यू म्हटलं तेव्हा ते म्हणाले, मी सांगितलंच होतं, आणि पुढे महिनाभर येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तेच सांगत राहिले. बहिणीचे पैसे तिनं पूर्ण फेडले. बहीण म्हणाली, काही घाई नव्हती गं. तीन वेळा तिनंच आठवण करून दिली होती. पण गरजेला पहिला हात तिनंच पुढे केला होता, हे चष्मेवाली विसरत नाही. म्हणून तिला वाचायचा चष्मा करून दिला, नंबर काढून. चष्मा नाकावर चढवता चढवता बहिणीनं जुन्या सवयीनं विचारलं, काय म्हणते गं तुझी ती?

"सासूबाई बऱ्या आहेत," चष्मेवाली म्हणाली.

पाकीट अजून येतं. त्यावर आता काही लिहिलेलं नसतं. डब्यातले पैसे काढून दोघींनी शिवणयंत्राला मोटर बसवून घेतली, कारण खुबा बदलल्यापासून यंत्राचं पायडल मारणं शिवणबाईंना जमत नव्हतं. त्या आता दुकानासाठी उरलेल्या कापडाची चष्म्याची कव्हरं शिवतात. मालक नव्या चष्म्याबरोबर ती फुकट देतात आणि शिवणबाईंना मोबदला देतात, ज्यावर कर किती हे विचारायला त्या स्वतः शनिवारी हिरव्या खुर्चीशेजारी जाऊन बसणार आहेत.

परवा मी त्यांच्याकडे गेले होते. यंत्राशेजारी खिळ्याला कव्हराचा कागदी नमुना टांगलेला होता. चांगला जाड कागद, पाठकोरा. छापील बाजूनं तो वृद्धाश्रमाचा अर्ज होता. शिवणबाईंनी कात्री गोलाईनं फिरवली होती, आणि ती नेमकी "जवळच्या नातेवाईकाचे नाव" या रकान्यातून गेली होती. मी तो वाचतेय हे त्यांनी बघितलं.

"कागद बरा होता," त्या म्हणाल्या. "फुकट कशाला घालवायचा?"